गाळातल्या डीएनएवरून तेल सापडतं का?

प्रश्न : माझी भाची नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. समुद्रतळाच्या गाळातल्या जिवाणूंचा डीएनए तपासून खनिज तेल शोधतात, असं ती सांगते. हे खरं आहे का? मग विहिरी खोदायची गरजच उरणार नाही ना? आणि समुद्रापासून इतक्या लांब राहून तिला यात काही करता येईल का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : भाची बरोबर सांगते. तेलाचे साठे सहसा पूर्ण बंदिस्त नसतात. खडकांच्या भेगांतून थोडं तेल, थोडा वायू झिरपत समुद्रतळापर्यंत येतो आणि त्यावर जगणारे जिवाणू तिथे वाढतात. ते कुठे नेहमीपेक्षा जास्त आहेत, हे पाहायचं. 1930 च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी वायू खाणाऱ्या जिवाणूंवरून हा प्रयत्न सुरू केला. पण तेव्हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून मोजावे लागत, आणि बहुतेक जिवाणू आपल्या बशीत वाढतच नाहीत. डीएनए थेट वाचता येऊ लागला, तेव्हा ती अडचण सुटली.

या वायूंपैकी मिथेन मात्र फसवतो. कुठल्याही तलावाच्या काठचा, अगदी आपल्या अंबाझरीचाही, चिखल काठीने ढवळला तर बुडबुडे येतात. त्यात मिथेन असतो, तरी खाली तेल नसतं. म्हणून प्रोपेन आणि ब्युटेन खाणाऱ्या जिवाणूंचा माग जास्त मोलाचा, कारण हे वायू बहुतांशी खोलवरच्या उष्णतेनेच तयार होतात.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतात ते बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात कठीण कवचात झोपून राहिलेले जिवाणू. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या आर्क्टिक समुद्रतळाचं तापमान शून्याच्या आसपास असतं. तिथला गाळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ केसी ह्यूबर्ट आणि सहकाऱ्यांनी 50 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षाही गरम ठेवला, तेव्हा त्यात झोपलेले उष्णताप्रेमी जिवाणू जागे झाले. हे संशोधन 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. इतक्या थंडीत ते वाढणं शक्यच नाही, म्हणजे कुठून तरी गरम जागेतून आले. त्यांतल्या काहींचे जवळचे नातलग तेलसाठ्यांत आढळतात. तेल आणि वायूबरोबर ते वर येत असतील, तर वाटही दाखवतील, हा पुढचा विचार. बीजाणूचं कवच कठीण असतं, डीएनए सहज निघत नाही. म्हणून आधी गाळ तापवायचा, बीजाणू उगवू द्यायचे, मग डीएनए वाचायचा.

विहिरींची गरज मात्र राहणारच. साठा किती मोठा आहे, वरचा खडक तेल धरून ठेवतो का, हे डीएनए सांगत नाही. कधी सगळं तेल केव्हाच झिरपून गेलेलं असतं. उलट, साठा 80–90 अंशांहून जास्त तापलेला असेल तर त्यात जिवाणू तगतच नाहीत, म्हणून बीजाणू मिळाले नाहीत तरी तेल नाही असं म्हणता येत नाही. मुंबई हायची जागा भूकंपलहरींच्या सर्वेक्षणातून हेरली होती, पण तेल सिद्ध झालं ते 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदाई जहाजाने विहीर खोदल्यावरच. कोरड्या जाणाऱ्या विहिरी कमी करणं, हे या तपासणीचं खरं काम. त्याहून महत्त्वाचं मला हे वाटतं, की खोदाईआधीच्या निरोगी समुद्रतळाची नोंद हातात राहते. पुढे गळती झाली तर काय बिघडलं ते दाखवता येतं. ही नोंद प्रत्येक ठिकाणी व्हायलाच हवी.

आता भाचीबद्दल. पाव ग्रॅम गाळ पुरतो. तो बारीक काचमण्यांबरोबर हलवून पेशी फोडायच्या आणि डीएनए वेगळा करायचा. द्रावण तपकिरी दिसलं तर गाळातली ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून बनणारी) उरलीत असं समजावं, ती पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, अडवतात. हे सगळं नागपुरात शिकता येतं. पर्यावरणाच्या सूक्ष्मजीवशास्त्रासाठी नीरी ही राष्ट्रीय संशोधन संस्था इथेच आहे, आणि समुद्राचा गाळ पाहायचा तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. जगभरातल्या गाळांचे डीएनए-क्रम सार्वजनिक कोशात फुकट मिळतात, ते घरच्या संगणकावर उतरवून सरावाला सुरुवात करता येईल. तिला संख्याशास्त्र मनापासून शिकायला सांगा. आणि प्रत्येक तपासणीत गाळ न घातलेली एक रिकामी नळी शेवटपर्यंत चालवायला सांगा. त्या नळीतही जिवाणू निघाले, तर ते समुद्रातले नव्हेत, आपल्याच रसायनांतले किंवा हाताचे.