एसएसएचवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये आणि वेबसाइटवर का अडते?

तुमची अडचण मला समजली ती अशी. उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) भाड्याचा सर्व्हर आहे, त्यावर वेबसाइट पुरवणारा एन्जिनएक्स आणि पीएचपीची पानं चालवणारा पीएचपी-एफपीएम. घरून एसएसएचनं (दुरून सर्व्हरवर टर्मिनल उघडण्याची सोय) आत शिरून तुम्ही डॉट बॅशआरसीमध्ये, म्हणजे बॅश हे कमांड घेणारं शेल उघडताना वाचतं त्या फाइलमध्ये, डेटाबेसचा पासवर्ड एक्सपोर्ट केलात, म्हणजे तिथून चालणाऱ्या प्रोग्रामना मिळेल असा ठेवलात. बिलं काढणारी पायथनची स्क्रिप्ट हातानं चालवली की नीट चालते. तीच रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालली की पासवर्डच नाही म्हणते, आणि ऑर्डरच्या पीएचपी पानालाही तो रिकामा मिळतो. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला, तरी तेच.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची ऑर्डरची वेबसाइट सांभाळतो. याच जागी माझे तीन दिवस गेले होते आणि त्या तीन दिवसांच्या ऑर्डरी पॅकिंगवाल्यांपर्यंत पोचल्याच नव्हत्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: एन्व्हायर्नमेंट (व्हेरिएबलची, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांची यादी) सर्व्हरचं नसतं, प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रामचं असतं. आपण समजतो की सर्व्हरवर कुठेतरी एक फळा आहे, त्यावर एकदा पासवर्ड लिहिला की सगळ्यांना दिसेल. तसा फळा नाही. १९७९च्या सातव्या युनिक्सपासून पद्धत अशी आहे की एक प्रोसेस दुसरीला जन्म देते तेव्हा आपल्याकडच्या व्हेरिएबलची एक प्रत तिच्या हातात देते. गावाला निघालेल्याला घरच्यांनी शिदोरी बांधून द्यावी, तसं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली असेल तर वाटेत तेच खायला मिळणार. निघाल्यानंतर घरी केलेली पुरणपोळी त्याच्यापर्यंत पोचत नाही. शेजारच्या घरात बांधलेली तर नाहीच नाही.

आता तुमच्या तिन्ही वाटा पाहा. एसएसएचनं शिरता तेव्हा एसएसएचचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) तुमच्यासाठी बॅश उघडतो, बॅश डॉट बॅशआरसी वाचतं, आणि तुम्ही चालवलेली स्क्रिप्ट त्या बॅशचं लेकरू असते. क्रॉनची स्क्रिप्ट क्रॉनचं लेकरू. पीएचपीचं पान चालवणारी प्रोसेस एफपीएमचं लेकरू, आणि एफपीएमला सर्व्हर सुरू होताना सिस्टमडीनं, म्हणजे सर्व्हरवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामनं, उभं केलेलं असतं. या दोघांचा तुमच्या बॅशशी काडीचाही संबंध नाही. म्हणून रीस्टार्ट करून फरक पडला नाही, आणखी दहादा केलात तरी पडणार नाही. ‘माझं व्हेरिएबल कुठे गेलं’ असं न विचारता ‘ही स्क्रिप्ट उभी कुणी केली’ असं विचारा, आणि जो उभी करतो त्याच्याच हातात व्हेरिएबल द्या.

डॉट बॅशआरसीबद्दल आणखी एक. उबुंटूच्या त्या फाइलमध्ये वरच्याच काही ओळींत एक तपासणी असते: समोर माणूस बसलेला नसेल तर फाइल तिथूनच परत फिरते. बहुतेक जण आपलं एक्सपोर्ट फाइलच्या शेवटी टाकतात. त्यामुळे लॅपटॉपवरून एसएसएचच्या एकाच ओळीत सर्व्हरवरची स्क्रिप्ट चालवली तरी पासवर्ड मिळत नाही, आणि आत शिरून चालवली तर मिळतो. हे माहीत नसलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतो.

आता क्रॉन. उबुंटूवरचा क्रॉन स्वतःहून फार थोडं देतो: होम, लॉगनेम, शेल आणि पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी). त्या पाथमध्ये फक्त यूएसआर-बिन आणि बिन असतात. शेल म्हणजे बॅश नव्हे, साधा एसएच, जो उबुंटूवर प्रत्यक्षात डॅश असतो. त्याला ‘सोर्स’ ही कमांड कळत नाही, तिच्या जागी नुसता टिंब लागतो. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, वरच्या भागात नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत अशी ओळ थेट लिहिता येते. पण तिथे डॉलरचं चिन्ह उलगडत नाही. म्हणजे जुन्या पाथच्या पुढे आपला फोल्डर जोडायला डॉलर-पाथ लिहिलंत तर ती अक्षरं जशीच्या तशी राहतात आणि साध्या कमांडही सापडेनाशा होतात. शिवाय कमांडच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो. बॅकअपच्या फाइलला तारखेचं नाव देणाऱ्यांनी टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी.

माझे तीन दिवस गेले ते मात्र पासवर्डमुळे नव्हे. पासवर्ड क्रॉनटॅबमध्ये नीट दिला होता. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरलेली, बाहेरगावचे व्यापारी आलेले, ऑर्डरी नेहमीपेक्षा जास्त. रात्रीची स्क्रिप्ट यादी छापायला घ्यायची आणि मध्येच मरायची. सकाळी मी हातानं चालवली की पूर्ण यादी. शेवटी क्रॉनचं सगळं बोलणं एका फाइलमध्ये वळवलं, तेव्हा दिसलं की पहिलं देवनागरी नाव आलं की पायथन थांबतोय. त्या सर्व्हरवर पायथन ३.६ होता आणि क्रॉनला ‘लँग’ हे भाषा सांगणारं व्हेरिएबलच मिळत नव्हतं. ते नसलं की जुना पायथन छापताना फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, धरून चालतो, आणि ग्राहकाचं मराठीत लिहिलेलं नाव त्याला छापता येत नाही. २०१८च्या पायथन ३.७पासून अशा वेळी तो आपणहून देवनागरीही चालणाऱ्या यूटीएफ-८कडे वळतो, म्हणून आता हे कमी दिसतं. पण हातानं चालवताना ते का चालत होतं? कारण उबुंटूवर एसएसएच लॅपटॉपवरचं लँग आणि एलसी-वाली व्हेरिएबल सर्व्हरकडे पाठवतं आणि सर्व्हर ती स्वीकारतो. माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपची भाषा माझ्याबरोबर सर्व्हरवर जात होती. मी लॉगआउट केलं की तीही गेली. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये मराठी नावं, मराठी पत्ते आहेत त्यांनी क्रॉनटॅबमध्ये लँग स्वतः लिहून द्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपली नावं इंग्रजीत लिहून ही अडचण टाळू नये.

तसंच वेळेचं. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, आपण साडेपाच तास पुढे. रात्री अकराला लावलेलं काम आपल्याकडे पहाटे साडेचारला चालतं. टीझेड हे टाइमझोनचं व्हेरिएबल आशिया-कोलकाता केलं की स्क्रिप्टच्या आतल्या तारखा सुधारतात, पण उबुंटूच्या क्रॉनचं स्वतःचं घड्याळ त्यानं हलत नाही. त्यासाठी सर्व्हरचाच टाइमझोन बदलून क्रॉन रीस्टार्ट करावा लागतो, किंवा वजाबाकी करून वेळ लिहावी.

पीएचपीकडे येऊ. एफपीएममध्ये ‘क्लिअर एन्व्ह’ नावाची सेटिंग मुळातच चालू असते. कामगार प्रोसेस उभ्या करताना ती सगळं एन्व्हायर्नमेंट पुसून टाकते. बरेच जण ती बंद करा असा सल्ला देतात. तुमच्या बाबतीत त्यानं काही होणार नाही, कारण एफपीएमच्या स्वतःच्या हातातच तुमचा पासवर्ड कधी आला नाही. पुसणं थांबवलं तरी द्यायला काही नाही. त्यापेक्षा पूलच्या (एफपीएमच्या कामगार प्रोसेसच्या गटाच्या) कॉन्फ फाइलमध्ये ‘एन्व्ह’, लगेच चौकोनी कंसात व्हेरिएबलचं नाव, मग बरोबरचं चिन्ह आणि अवतरण चिन्हांत किंमत अशी ओळ लिहा. नंतर एफपीएम रीस्टार्ट करा. एन्जिनएक्स रीस्टार्ट करून उपयोग नाही, बहुतेकांचा वेळ इथेच जातो. दुसरी वाट एन्जिनएक्समधून पीएचपीला किंमत पाठवणाऱ्या फास्टसीजीआय-पॅराम या सेटिंगची. तिनं दिलेली किंमत पीएचपीच्या सर्व्हर नावाच्या ॲरेमध्ये दिसते. एन्जिनएक्सच्या जागी अपाची असता तर सेट-एन्व्ह वापरता आलं असतं, साध्या होस्टिंगवर एचटीॲक्सेसमधूनसुद्धा. मात्र तिथे सीजीआय स्क्रिप्ट एसयूएक्झेकमधून (स्क्रिप्ट दुसऱ्या युजरच्या नावानं चालवणारा अपाचीचा भाग) चालत असेल तर ते आपल्या ठरलेल्या यादीबाहेरची व्हेरिएबल गाळून टाकतं. आणि पायथनचं ॲप मॉड-डब्ल्यूएसजीआयवर (अपाचीत पायथन चालवणारा भाग) असेल तर सेट-एन्व्हची किंमत प्रत्येक विनंतीबरोबर येणाऱ्या डिक्शनरीत असते, ओएस-एन्व्हायरॉनमध्ये नसते.

सूडोचंही (रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून कमांड चालवणारा प्रोग्राम) असंच: तो मुळातच बहुतेक व्हेरिएबल टाकून देतो. म्हणून एक्सपोर्ट करून पुढे सूडोनं चालवलेली स्क्रिप्ट रिकाम्या हातानं उभी राहते.

माझी स्वतःची रीत सांगतो. पासवर्डची एकच फाइल ठेवतो, वेबसाइटच्या फोल्डरच्या बाहेर. हे ‘बाहेर’ मी जोर देऊन लिहितोय. पब्लिक फोल्डरमध्ये डॉट एन्व्ह नावाची अशी फाइल ठेवलीत आणि सर्व्हरनं ती अडवली नाही, तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकणाऱ्या कुणालाही ती वाचता येते, आणि अशा फाइली शोधत फिरणारे बॉट रात्रंदिवस चालू असतात. फाइलची परवानगी सहाशे: वाचणार फक्त मालक. क्रॉनसाठी चार ओळींची एसएच स्क्रिप्ट करतो. तिच्यात सेट वजा-ए, मग टिंब आणि त्या फाइलचा पूर्ण पत्ता, मग सेट अधिक-ए, मग पायथनची हाक, तीही पूर्ण पत्त्यानिशी. सेट वजा-एमुळे फाइलमधलं प्रत्येक नाव आपोआप एक्सपोर्ट होतं. काम सतत चालणारं असेल तर सिस्टमडीची सर्व्हिस करून एन्व्हायर्नमेंट-फाइल या ओळीत तोच पत्ता देतो. सिस्टमडी ती फाइल रूट म्हणून वाचतो, त्यामुळे परवानगी आणखी आवळता येते. बदल केल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करा, आधी उभी असलेली प्रोसेस जुनीच शिदोरी खात बसते. ईटीसी फोल्डरमधल्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये पासवर्ड टाकू नका, ती सर्व्हरवरच्या प्रत्येक युजरला वाचता येते.

ही फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून चढवली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं असू शकतं. पासवर्ड डोळ्यांना बरोबर दिसतो आणि डेटाबेस तो नाकारतो. ‘कॅट वजा मोठा ए’ केलंत की ओळीशेवटी टोपीवाला एम दिसेल. डॉस-टू-युनिक्सनं तो काढा.

आज रात्री एवढं करा. क्रॉनटॅबमध्ये दर मिनिटाला चालणारी एक ओळ लिहा: नुसतं ‘एन्व्ह’, आणि त्याचं उत्तर तुमच्या होममधल्या एका फाइलमध्ये. एसएसएचमध्येही ‘एन्व्ह’ चालवून दुसऱ्या फाइलमध्ये घ्या. दोन्ही क्रमानं लावून शेजारी ठेवा. जे इकडे आहे आणि तिकडे नाही, तेच तुमचं दुखणं. मग ‘एन्व्ह वजा-आय’ लावून स्क्रिप्ट हातानं चालवून बघा. तो तिला कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये उभी करतो, म्हणजे रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही. आधीच चालू असलेल्या प्रोसेसला काय मिळालंय ते प्रॉक फोल्डरमध्ये तिच्या नंबराखालच्या एन्व्हायरॉन फाइलमध्ये दिसतं. पीएचपीसाठी पीएचपी-इन्फोचं पान तात्पुरतं टाकलंत तर बघून झाल्याबरोबर काढा, त्यात सगळी व्हेरिएबल उघडी छापलेली असतात.

अजून अडलं तर त्या दोन फाइलींतला फरक इथे टाका, पासवर्डच्या जागी फुल्या मारून. मी रोज रात्री दहानंतर बघतो. आणि क्रॉनमधली ती दर मिनिटाची ओळ आणि होममधल्या त्या दोन्ही फाइली काम झालं की लगेच पुसा, कारण एसएसएचवाल्या फाइलमध्ये तुमचा पासवर्डही उतरलेला असेल.