आबांची आर्मीची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, जळगावच्या डॉक्टरचं सेकंड ओपिनियन चालेल का?

जोडा भाऊ, पण नुसत्या सर्टिफिकेटवर बोर्डाचा निकाल फिरत नाही. रिलीज मेडिकल बोर्डाने (रिटायर होताना तपासणारं आर्मीच्या डॉक्टरांचं मंडळ) "बीपी सर्व्हिसमुळे नाही" असं लिहिलंय ना, मग डॉक्टरकडून अपंगत्वाच्या टक्केवारीपेक्षा आजाराचं कारण लिहून घ्या, त्रास कधी सुरू झाला, तेव्हा पोस्टिंग कुठे होती, ड्यूटीने वाढला का, उगाच "रुग्ण माझ्याकडे उपचार घेतो" एवढंच नको. त्याहून भारी पुरावा म्हणजे भरतीच्या वेळचा मेडिकल रेकॉर्ड. २०१३ च्या धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भरतीला आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमधलाच धरायचा, उलटं सिद्ध करणं सरकारचं काम. फक्त सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर असतील तर नियम नवे आहेत, ते बघून घ्या. पहिलं अपील सहा महिन्यांत टाका, कागदपत्रांसाठी जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.