मोबाइलवरून पंप चालवावा का?

प्रश्न : आमचा विहिरीवरचा थ्री-फेज (विजेच्या तीन तारांवर, म्हणजे तीन फेजवर चालणारा) पंप घरापासून लांब आहे आणि विजेची वेळ निश्चित नसते. शेत लहान असताना मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे यंत्र बसवणे योग्य ठरेल का?

उत्तर : योग्य ठरेल, मात्र निवड करताना लांबून चालू करण्याच्या सोयीपेक्षा मोटारीच्या संरक्षणाकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टार्टरला, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीला, जोडलेल्या या यंत्रात सिमकार्ड असते आणि नोंदवलेल्या क्रमांकावरून आलेला कॉल किंवा संदेश मिळताच ते स्टार्टर चालवते. पण एक फेज गेलेला असताना मोटार चालू राहिली, तर उरलेल्या दोन फेजवर भार वाढून वाइंडिंग (मोटारीतील तारेचे वेटोळे) जळते आणि त्या वेळी शेतावर कोणीच नसते. म्हणून तिन्ही फेज तपासणारे व विहिरीचे पाणी संपताच मोटार थांबवणारे यंत्रच घ्यावे.

खरेदीपूर्वी यंत्रात घालायच्या सिमकार्डाच्या कंपनीचे नेटवर्क पंपाजवळ मिळते का, हे पाहावे. लोखंडी पेटीत सिग्नल अडतो, त्यामुळे अँटेना बाहेर काढावी लागते. नेटवर्क गेल्यास बंद करण्याचा आदेश पोहोचणारच नाही, हे लक्षात घेऊन कमाल वेळेचा टायमर अवश्य लावावा. पाण्याची पाळी बदलण्यासाठी, म्हणजे पाणी शेताच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे वळवण्यासाठी, मात्र शेतावर जावेच लागेल; ते टाळायचे तर स्वयंचलित व्हॉल्व्ह लागतात, त्यांचा खर्च वेगळा.

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत, कारण घरातून कोणीही नकळत मोटार सुरू करू शकते.