ब्लॅक बेल्ट जपानचा, फ्रान्सचा आणि आपला

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपला मुलगा बारावीत असून चार वर्षांपासून ज्युदो शिकतो आहे आणि त्याच्या प्रशिक्षकांनी दहा दिवसांच्या शिबिरानंतर ‘जपानी दर्जाचा’ ब्लॅक बेल्ट देऊ असे सांगून २५,००० रुपये मागितले आहेत; ते द्यावेत का, असे आपण विचारता. जपानमध्ये दोन-तीन वर्षांत मिळणाऱ्या ब्लॅक बेल्टला ब्राझिलियन जिऊ-जित्सूमध्ये (ज्युदोतूनच निघालेल्या, जमिनीवरच्या पकडींवर भर देणाऱ्या खेळात) दहा वर्षे लागतात, तर खरा दर्जा कोणाचा, हा आपला दुसरा प्रश्न. बारावीनंतर शिक्षण सोडून केवळ सराव करावा का आणि परदेशी प्रशिक्षण घ्यावे का, हेही आपण विचारले आहे. आधी दुसऱ्याचे उत्तर देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान या ज्युदो शाळेची स्थापना केली. त्या परंपरेत ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला ‘शोदान’ म्हणतात आणि या शब्दाचा अर्थच मुळी ‘आरंभीची श्रेणी’ असा आहे. शाळेच्या संघात जवळजवळ रोज सराव करणारा जपानी मुलगा चौदा-पंधराव्या वर्षी ती मिळवतो आणि त्याचे तिथे कोणाला फारसे अप्रूप वाटत नाही. फ्रान्समध्ये त्याच श्रेणीसाठी किमान वयाच्या अटीबरोबरच काताची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने डाव करून दाखवण्याची, परीक्षा आणि लढतींतून मिळवायचे गुण आहेत, त्यामुळे तिथे काळ्या पट्ट्याला सहसा अधिक वर्षे लागतात. ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा सर्वसाधारण नियम निळ्या पट्ट्यावर किमान दोन वर्षे, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर एक वर्ष असा असून ब्लॅक बेल्टसाठी वयाची एकोणीस वर्षे पूर्ण असावी लागतात; शिवाय तिथे तो पट्टा सुरुवातीचा नसून बऱ्याच अंशी शिकवण्याच्या अधिकाराचा मानला जातो. एकाच रंगाला तीन ठिकाणी तीन अर्थ असल्यामुळे वर्षे मोजून दर्जा ठरवता येत नाही.

दर्जातला मोठा फरक मला शिकवणाऱ्याच्या पात्रतेत दिसतो. पैसे घेऊन ज्युदो शिकवायचा असेल तर शासकीय पदविका हवी, असे बंधन फ्रान्सने १९५५ च्या कायद्याने घातले. जपानमध्ये मात्र, ज्युदोचे माहेरघर असूनही, १९८३ पासूनच्या तीनेक दशकांत शालेय ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले, त्यांत डोक्याच्या दुखापती मोठ्या प्रमाणावर होत्या, आणि प्रशिक्षकांसाठी परवान्याची पद्धत तिथल्या महासंघाने २०१३ मध्ये सुरू केली. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकांत मिश्र सांघिक अंतिम लढतीत फ्रान्सने जपानला हरवले, हेही ‘जपानी दर्जा’ या शब्दांना भुलण्यापूर्वी लक्षात घ्यावे. आपल्या मुलाचे प्रशिक्षक नव्या मुलांना आधी पडायला, म्हणजे उकेमी, किती आठवडे शिकवतात, हे एकदा सरावाला बसून पाहा.

आपल्या तालमीत तर पट्टाच नसतो. वस्ताद जोड ठरवतात आणि निकाल आखाड्यात लागतो. तरीही देशोदेशींच्या प्रशिक्षणातील अंतर तिथेही होतेच. मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला मॅटवर उतरले आणि सहावे आले. पुढच्या चार वर्षांत मॅटच्या नियमांशी जुळवून घेऊन त्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले.

आता करिअरविषयी. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेतील कामगिरी पाहिली जाते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते, तेव्हा पट्ट्याचा रंग तिथे उपयोगी पडत नाही. रेल्वे आणि सैन्यदलातील खेळाडू भरतीतही स्पर्धेतील कामगिरीलाच वजन असते. प्रशिक्षक व्हायचे असल्यास पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एक वर्षाची पदविका हा सर्वांत भक्कम मार्ग आहे, पण तिच्यासाठी पदवी आणि स्पर्धेतील सहभाग दोन्ही लागतात. म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडून केवळ सराव करण्याचा विचार मला मान्य नाही. ज्याचा ज्युदो संघ विद्यापीठ स्पर्धांत नियमित उतरतो असे महाविद्यालय निवडल्यास दोन्ही गोष्टी साधतील. परदेशी प्रशिक्षणाचा खर्च त्याआधी करू नये. राज्य पातळीवर दोन-तीन वर्षे लढल्यावर नेमके काय कमी पडते ते मुलालाच कळेल आणि मग कुठे जायचे हेही ठरवता येईल.

राहिले ते २५,००० रुपये. शिबिराचे शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेच्या एखाद्या जुन्या प्रमाणपत्राची छायाप्रत मागून घ्या, ती घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि ही संस्था राज्य ज्युदो संघटनेशी संलग्न आहे का, तसेच हे प्रमाणपत्र आरक्षणाच्या पडताळणीत ग्राह्य धरले जाते का, असे लेखी विचारा. प्रशिक्षक प्रत द्यायला टाळाटाळ करू लागले, तर तेवढ्या पैशांत मुलाला चांगला ज्युदोगी (ज्युदोचा पोशाख) घेऊन द्या आणि वर्षभराच्या स्पर्धांचा प्रवासखर्च बाजूला काढून ठेवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक