ओके लिहिण्याआधी

बाळा, आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. ऑडिट येतंय म्हणून फोर्कलिफ्टच्या, म्हणजे तुझ्या माल उचलायच्या गाडीच्या, रोजच्या तपासणीच्या मागच्या आठ दिवसांच्या चेकलिस्ट एका बैठकीत भरायला सांगितल्यात, आणि तू विचारतोस, "काका, सगळेच भरतात, मी काय करू?" भरू नकोस. जे स्वतः पाहिलं नाही, त्यापुढे ओके लिहायचं नाही.

तपासणीत दहा मिनिटं जातात म्हणे. जाऊ देत. फोर्कलिफ्ट रात्रभर उभी होती तिथली फरशी आधी बघ. तेलाचा ताजा डाग दिसला तर तो कुठून आला हे कळेपर्यंत किल्ली फिरवू नकोस. काही जण होजवरून, म्हणजे तेलाच्या नळीवरून, हात फिरवून गळती शोधतात. तसं कधीही करू नकोस, दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धर. मग खाली बसून फोर्कची, म्हणजे माल उचलणाऱ्या लोखंडी पात्याची, टाच बघ, जिथे तो वळतो ती जागा. भेग पडते ती बहुतेक तिथेच. जाडी मोज. ४५ मिलिमीटरचा फोर्क ४०.५ वर आला की बाद, कारण १० टक्के झिजेला ताकद २० टक्क्यांनी उतरते. डोळ्याला तो चांगलाच दिसतो, म्हणून तर मोजायचं. दोन्ही चेन सारख्या ताणलेल्या हव्यात. हॉर्न, बझर, बेल्ट तुला येतं.

हँडब्रेकचं मात्र सांगतो, कारण ते माझ्या हातून घडलंय. रात्रपाळी होती, एक माणूस कमी, बाहेर तीन ट्रक लागलेले. चहा पिता पिता मी सगळ्या रकान्यांत टिक मारल्या. नंतर डॉकच्या उतारावर गाडी लावून चलन द्यायला उतरलो आणि ती मागे सरकली. तीन टनी गाडी रिकामी असली तरी चार टनांच्या वर भरते. मागे हेल्पर होता. त्याचा पाय भिंतीशी चेपला. पाय राहिला, पण पुन्हा ओझं उचलणं त्याला कधी जमलं नाही.

माणूस मी कमी केला नव्हता. घाई माझी नव्हती. ब्रेक ढिला आहे हे वर्कशॉपला मी दोनदा सांगितलंही होतं. पण तोंडी. कागदावर ओके होतं, आणि खाली माझी सही. चौकशीत तोच कागद पुढे आला.

तेव्हापासून ब्रेक लावून, गाडी खरंच धरते का हे पाहिल्याशिवाय मी एकही पाळी सुरू केली नाही. किरकिऱ्या म्हणाले, बढती अडली. अडू दे! मी बरोबर होतो, आजही तेच म्हणेन.

तुला सांगतील की वर्षातून एकदा सक्षम व्यक्ती तपासून जाते. बरोबर आहे, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम २९ मध्ये उचलयंत्रांसाठी अशीच तपासणी सांगितली होती. पण होज आज सकाळी फुगला असेल तर गेल्या मार्चच्या सर्टिफिकेटचा काय उपयोग? पाहिलंस तरच ओके. किती वेळा सांगू?

उद्या सरळ सांग, मागचे कागद कोरेच राहतील, आजचा मी भरतो. दोष दिसला तर दोष लिही, वेळ टाक, गाडीला टॅग लाव आणि किल्ली सुपरवायझरच्या हातात दे. कागदाचा फोटो स्वतःकडे ठेव. आणि ते आवाज चढवायला लागले तर तिथूनच मला फोन लाव. मी सहाला उठलेला असतो.

तुझा काका