स्प्रेडशीटची ऑनलाइन परीक्षा घेताना प्रश्न कसे काढावेत आणि गुण कसे द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम.च्या मुलांची परीक्षा गूगल फॉर्मवर घेतली, शेवटचा आकडा भरायला सांगितला आणि जवळपास सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. त्यातल्या कितीजणांना खरंच स्प्रेडशीट येते, ते कळेना. मीही हाच विषय शिकवतो. माझं मत स्पष्ट आहे: फॉर्म बाजूला ठेवा, उत्तर शीटमध्येच घ्या आणि तपासताना शीटमधले आकडे बदलून बघा.

गूगल क्लासरूममध्ये असाइनमेंटला शीट जोडताना प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी प्रत देण्याचा पर्याय असतो, तो निवडा. ज्याची त्याची फाइल वेगळी होते.

आता प्रश्न. कर्जाच्या हप्त्याचंच उदाहरण घेऊ. बी१ मध्ये कर्ज ५,००,०००, बी२ मध्ये वार्षिक व्याजदर ९ टक्के, बी३ मध्ये मुदत ५ वर्षं, उत्तर बी५ मध्ये. ‘मासिक हप्ता काढा’ एवढंच लिहिलंत तर मुलगा मोबाईलवरच्या ईएमआय कॅल्क्युलेटरवर १०,३७९.१८ काढून तो आकडा टाईप करणार, आणि प्रश्नाच्या शब्दांप्रमाणे त्याचं काहीच चुकलेलं नाही. म्हणून प्रश्नातच लिहा: ‘बी१ ते बी३ मधलं काहीही बदललं तरी बी५ मधला हप्ता आपोआप बदलला पाहिजे. तपासताना हे आकडे बदलले जातील.’ हप्ता काढून देणारं स्प्रेडशीटमधलं तयार पीएमटी (PMT) फंक्शन उत्तर उणे चिन्हासह देतं, तेव्हा उणे चालेल की नाही हेही सांगून टाका. किती दशांश स्थळं हवीत तेही. या दोन गोष्टी न लिहिल्यामुळे होणारे वाद सगळ्यात जास्त आणि सगळ्यात निरर्थक असतात.

आणखी एक काळजी घ्या. मुलं वर नाव-रोल नंबरसाठी एक ओळ घालतात आणि बी५ चा बी६ होतो. म्हणून मूळ शीटमध्येच माहितीच्या आणि उत्तराच्या सेलला नेम्ड रेंज, म्हणजे स्वतःचं एक नाव, देऊन ठेवा. ओळी वरखाली झाल्या तरी नाव त्या सेलबरोबर सरकतं.

तपासणीला मी ४ गुण असे वाटतो: दिलेल्या आकड्यांवरच्या बरोबर उत्तराला १, आणि कर्ज, दर, मुदत एकेक बदलून आलेल्या बरोबर उत्तराला प्रत्येकी १. फक्त कर्ज ८,००,००० केलं तर हप्ता १६,६०६.६८ यायला हवा. कर्ज परत ५ लाखांवर आणून फक्त दर १२ टक्के केला तर ११,१२२.२२. आकडा टाईप केलेल्या शीटमध्ये १०,३७९.१८ जागचा हलत नाही. दर बदलला तेव्हाच हलला नाही, तर मुलाने सूत्रात ९ टक्के थेट लिहिलाय हे लगेच कळतं. एकेक आकडा बदलण्याचा हाच फायदा, चूक नेमकी कुठे आहे ते सापडतं.

सगळ्या वर्गाचं हे हाताने करत बसू नका, शीटमधली कामं आपोआप करून घेण्यासाठी गूगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टवर छोटी स्क्रिप्ट (प्रोग्रॅम) लिहिता येते: प्रत्येक फाइलची प्रत करायची, प्रतीत नवा आकडा घालायचा, उत्तर वाचायचं आणि गुणपत्रकात टाकायचं. काम प्रतीवरच करा, मुलाने जमा केलेली मूळ फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे. तुलना करताना दोन आकडे तंतोतंत सारखे आहेत का असं विचारू नका. कोणी दशांश कमी करणारं राउंड फंक्शन वापरतं, कोणी नाही. फरक एका पैशाच्या आत असला की बरोबर धरा.

सूत्राचा मजकूर वाचून त्यात पीएमटी आहे का, हे तपासण्याचा मोह होतो. प्रश्नात ते फंक्शन सक्तीचं केलं नसेल तर तसं करू नका. चक्रवाढीचं बीजगणित वापरून स्वतः सूत्र मांडणाऱ्या मुलाला विषय जास्त कळलेला असतो. पण व्याजदर शून्य घालून त्याची परीक्षा घेऊ नका. पीएमटी शून्य दरालाही ८,३३३.३३ देतं, त्याच्या सूत्रात मात्र शून्याने भागाकार येऊन एरर दिसते. आधी सांगितलं नसेल तर हा अन्याय आहे.

सगळ्यात विचार करावा लागतो तो पुढे ओढत गेलेल्या चुकीचा. समजा ८०,००० च्या यंत्रावर घटत्या शिलकेने १५ टक्के घसारा विचारलाय: १२,०००, मग १०,२००, मग ८,६७०. मुलाने पहिल्या ओळीत शिलकेचा सेल गुणिले दराचा सेल असं बरोबर लिहिलं, पण दराचा सेल जागेवर पक्का करणारं डॉलरचं चिन्ह लावलं नाही. सूत्र खाली ओढलं की दराचा सेलही एक घर खाली सरकतो, तिथे रिकामं असतं आणि दुसऱ्या वर्षापासून घसारा शून्य. पुढच्या सगळ्या ओळी चुकल्या तरी चूक एकच आहे, गुण एकदाच कापा. चुकलेला पहिल्या वर्षाचाच आकडा असेल, तर पुढच्या ओळी त्याच्याच शिलकेवर तपासा: त्याची शिल्लक गुणिले दर, एवढं जुळलं की गुण द्या. हिशेबाच्या (अकाउंट्सच्या) परीक्षेचे जुने परीक्षक हाताने पेपर तपासताना हेच करत आलेत. एसीसीए या आंतरराष्ट्रीय लेखापाल संस्थेच्या संगणकावरच्या परीक्षेतही स्प्रेडशीटमध्ये उत्तर द्यायची सोय आहे आणि परीक्षकाला सेलमधली सूत्रं दिसतात. म्हणूनच तिथे मुलांना आकडेमोड सूत्रातच ठेवायला सांगतात.

तुमच्याकडे मूडल (ऑनलाइन शिकवण्याची आणि परीक्षा घेण्याची प्रणाली) असेल तर त्यातले कॅल्क्युलेटेड प्रश्न प्रत्येकाला वेगळे आकडे देतात आणि किती फरक चालेल तेही ठरवता येतं. पण शेवटी हातात येतो तो आकडाच, शीट नाही. गणित तपासायला ते चांगलं, स्प्रेडशीट तपासायला अपुरं.

मांडणी, शीर्षकं, आलेख हे डोळ्यांनीच तपासा. क्लासरूममध्ये रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता, करून ठेवा आणि मुलांना ते आधीच दिसू द्या. मुलं मोबाईलवरून पेपर देणार असतील तर आलेख आणि लांब तक्ते गाळाच. छोट्या पडद्यावर सूत्र टाईप करणं हीच परीक्षा होऊन बसते. शक्य असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये तुकड्या पाडून बसवा.

परीक्षेच्या आठवडाभर आधी असाच एक सरावाचा प्रश्न द्या आणि वर्गात, प्रोजेक्टरवर, मुलांसमोर त्यांच्याच शीटमधले आकडे बदलून दाखवा. त्याच सरावाच्या फाइलींवर तुमची स्क्रिप्टही चालवून बघा.