गेममध्ये चाल बांधू द्यायची असेल तर लाइव्ह जुगलबंदीचा नाद सोडा

तुमचा प्रश्न असा की चौघं मिळून ऑनलाइन गेम करताय, त्यात खेळाडूंनी स्वतःची गाणी रचून एकत्र वाजवावीत असं डोक्यात आहे, पण टेस्टिंगला एकाचा सूर दुसऱ्याच्या मागेच पडतोय. आमचंही सेम झालं होतं, कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये दोन महिने त्यावर डोकं आपटलंय, सर्व्हर बदलला, कोड बदलला, काही फरक नाही.

ढोल पथकात वाजवलंय का कधी? आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे मिरवणुकीत ताशा पुढे नि तुम्ही 34 मीटर मागे असाल तर त्याचा ठोका तुम्हाला 100 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तुमचा ढोल त्याला आणखी 100 उशिरा. नदीपात्रात प्रॅक्टिसला आम्हाला हेच ओरडून सांगायचे, कानावर जाऊ नका, पुढच्याचं टिपरू बघा. तुमचा 100 चा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) म्हणजे हेच, फक्त इथे बघायला टिपरू नाही.

म्हणून आवाज पाठवायचाच नाही, लिहिलेली चाल पाठवायची. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' या गेमवाले हेच करतात, गाणं म्हणजे एबीसी नोटेशनची, म्हणजे सूर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, साधी टेक्स्ट फाइल, बँडमधला प्रत्येकजण आपापला भाग निवडून तयार बसतो, एकजण स्टार्ट देतो आणि सगळे सुटतात. 2009 पासून तिथले खेळाडू गेममधल्या वेदरटॉप टेकडीवर स्वतःचा म्युझिक फेस्टिव्हल भरवतात, यावरून काय ते समजा. तुम्ही सगळे भाग प्रत्येकाच्या मशीनवर आधीच उतरवून ठेवा, सर्व्हरने फक्त 'अमुक वेळेला सम', म्हणजे तालाची पहिली मात्रा, एवढंच सांगायचं. उशिरा आलेल्याला पुढच्या समेवर घ्या, मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत तीनतालाचं 16 मात्रांचं आवर्तन 8 सेकंदांचं, तेवढं थांबायला कोणी कुरकुरत नाही. आणि साइज बघा ना, 3 मिनिटांची एमपीथ्री 128 केबीपीएसला जवळपास 3 एमबी, तीच चाल टेक्स्टमध्ये काही केबीत बसते.

लिहिण्यासाठी एबीसीच हवं असं नाही हं. आमच्या एका टेस्टरने, पेटी शिकलेली मुलगी, सरळ विचारलं की सा रे ग म टाइप करू दे ना. दिलं. कोमल, तीव्र आणि सप्तकाच्या खुणा तेवढ्या कीबोर्डवर सोप्या ठेवा, स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीतल्या वरखालच्या रेघा-टिंबं टाइप करताना जीव जातो. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मात्र विसरा, सुटे सूर आहेत, पेटीवर तरी कुठे येते.

सूर कमी दिले तर लोक रुसतील ही भीती काढून टाका, माइनक्राफ्ट गेममधल्या नोट ब्लॉकला, म्हणजे सूर वाजवणाऱ्या ठोकळ्याला, फक्त 25 सूर, 2 सप्तकं, त्यावर पोरांनी अख्खी गाणी उभी केलीत. उलट आम्ही पहिल्यांदा सगळी वाद्यं, सगळे इफेक्ट उघडे टाकले तेव्हा निम्मे लोक रिकामी पाटी बघूनच परत गेले. आता उघडल्यावर केरव्याचा ठेका आधीच चालू असतो, त्यावर चार सूर टाकले की काहीतरी वाजतंच.

लोक दुसऱ्यांची गाणी टाकणार हे धरून चाला, रिपोर्टचं बटण पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि म्यूट! गेममधल्या चौकात एकजण तेच आठ सूर तासभर वाजवत बसतो, आमच्याकडे म्यूट नव्हतं तेव्हा लोक चक्क तो चौकच टाळून लांबून जायचे.